नत्थुजींचा खिळा

तेल्हाऱ्याच्या नत्थुजींनी बैठकीच्या भिंतीत खिळा आधी ठोकला आणि फोटो काढायला नंतर निघाले. त्यावर लागेल तर रानपिंगळ्याचाच फोटो, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. मेळघाटातलं हे दुर्मीळ घुबड भरदिवसा दिसतं म्हणतात, मग अवघड ते काय? दोन वर्षं झाली, खिळा रिकामाच. येणारेजाणारे त्यावर टोपी अडकवायचे आणि पिंगळ्याची खुशाली विचारायचे.

"यंदाच्या दिवाळीले मी तिथं कॅलेंडर टांगीन," कौशल्याबाईंनी नवऱ्याला बजावलं.

"टांगजो. पिंगळ्याच्या खाली," नत्थुजी म्हणाले.

माणूस जिद्दीचा, नजरही पक्की. खोट एकच. ज्वारीच्या वावरात मचाणावर उभं राहून पाखरं हाकलण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या आरोळीनं शेजारच्या शिवारातलीही पाखरं उठायची, आणि त्याचाही त्यांना भारी अभिमान होता.

दिवाळीच्या तोंडावर नवरा-बायको दोघं मेळघाटात गेले. गाईड किशोरनं जिप्सी थांबवली आणि ओठांवर बोट ठेवलं. सागाच्या वाळक्या फांदीवर रानपिंगळा बसला होता, पण यांच्याकडे पाठ करून. पाठीचा फोटो घेऊन करायचं काय? नत्थुजी कॅमेरा रोखून, श्वास धरून थांबले. त्यानं मान वळवायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात पोपटांचा थवा कलकलाट करत डोक्यावरून गेला.

"हाऽऽ हुर्रऽऽ!"

नत्थुजींना कळलं तोवर आरोळी निघून गेली होती. पोपट उधळले, झुडपातली सातभाई पाखरं पळाली, किशोरनं कपाळावर हात मारला. दोन वर्षांची मेहनत त्यांनी आपल्याच तोंडानं हाकलली होती.

पिंगळा मात्र जागचा हलला नाही. त्यानं फक्त मान गर्रकन फिरवली आणि पिवळ्याजर्द डोळ्यांनी नत्थुजींकडे रोखून पाहिलं.

"आता काढा ना, पाहून काय राहिले?" कौशल्याबाई पुटपुटल्या.

आज तो फोटो खिळ्यावर आहे, खाली कॅलेंडरही आहे. पिंगळा इतका सरळ कसा पाहून राहिला, असं कोणी विचारलं की नत्थुजी छाती काढून सांगतात, "म्या हाक मारली त्याले." कौशल्याबाई हसतात आणि खरं काय ते सांगून टाकतात. नत्थुजीही हसतात. मग फोटोकडे पाहत म्हणतात, "जिंदगीभर वरडलो. हरेक पाखरू उडालं. हा एकटा थांबला."

तेवढं बोलताना मात्र त्यांचा आवाज अगदी बारीक होतो.