डब्यातला कारकून

भाऊजी,

तुम्ही रसिक होतात की चोर, हे मला ठरवता येत नाही. विचार करून डोक्याचा भुगा झालाय.

एकतीस वर्षं थिएटरच्या मशीनच्या खोलीत काढलीत. लोक नायकाला शिट्ट्या मारायचे आणि तुम्ही चौकोनी भोकातून त्याच्या मागे उभ्या असलेल्यांकडे बघायचात. जेवताना आम्हाला ऐकवायचात, "वहिनी, त्या पडेल सिनेमात एक कारकून आहे. नोकरी गेल्याचं पत्र वाचतो, घडी करून खिशात घालतो आणि स्वतःचं टेबल पुसून निघतो. बस्स. तेवढ्यासाठी दिग्दर्शकाचं बाकी सगळं माफ."

"मग दाखवा की एकदा."

"दाखवीन. घाई काय आहे?"

तो सिनेमा तीन दिवसांत उतरला. रिळं न्यायलाही कोणी आलं नाही. मागच्या महिन्यात त्याच रिळांवरून, म्हणे एवढी एकच प्रत उरली होती, तो टीव्हीवर दाखवला. तुमची लेक आणि मी चष्मे पुसून बसलो. कारकुनाच्या हातात पत्र आलं आणि पुढच्या क्षणी तो रस्त्यावर. टेबल नाही की फडकं नाही.

"काकू, बाबांनी मनानेच रचलं असणार."

मलाही तसंच वाटलं. मग तुमचा डबा आठवला. जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात माझ्या हातात कोंबलात, "हे त्या कारकुनाला नेऊन द्या, पत्ता झाकणावर आहे." औषधाच्या गुंगीत बरळताय समजून मी तो कपाटात टाकला होता. उघडला, तर फिल्मची गुंडाळी. खिडकीशी धरली. नखाएवढं टेबल, नखाएवढा माणूस, हातात फडकं.

फिल्म मशीनवर घासून चरे पडतात, हे तुम्हीच सांगायचात. म्हणून तेवढा तुकडा कापून जपलात आणि टोकं जोडून टाकलीत? त्याच्याकडे कोणी बघत नाही म्हणून हळहळायचं, आणि बघण्यासारखं तेवढंच डब्यात कोंडायचं? याला काय म्हणू?

काल गेले पत्त्यावर. दुसरा मजला. नव्वदीला टेकलेला म्हातारा दार उघडं टाकून खुर्चीत बसला होता. सून शेजारणीला सांगत होती, "सिनेमा टीव्हीवर लागल्यापासून एकच धोशा. म्हणतात, मी टेबल पुसलं होतं ना गं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "कोण पाहिजे?"

तुमचं नाव जिभेवर आलं. डबा देऊ की तुमची अब्रू झाकू? घर चुकले म्हणाले आणि जिना उतरले.

डबा पिशवीतच आहे.