दोन मीटरची रेघ
खडूचा वास आला की रोहणा गावच्या आमच्या घरातली ती पांढरी रेघ आठवते. मोठा भाऊ मुंबईच्या सरकारी अणुप्रयोगशाळेत किरणोत्सारी औषधं बनवायचा. आईच्या थायरॉइडच्या कर्करोगावर दवाखान्यानं तिथलंच औषध दिलं. तिला घरी आणल्यावर काही दिवस तिच्या अंगातून किरणं निघणार, तिच्यापासून दोन मीटर लांब राहायचं होतं, म्हणून भावानंच टेप धरून फरशीवर खडूनं रेघ ओढली. "तुह्याच घरचं औषध, अन् तूच भेऊन राह्यला?" खाटेवरून आई हसली. सुट्टी संपली, तेव्हा एरवी पाया पडून निघणाऱ्या भावानं रेघेअलीकडूनच हात जोडले. "पुढच्या खेपेले दोनदा पडजो, बाप्पा," ती म्हणाली. पुढच्या खेपेला तो पोचला, तेव्हा आईला अंगणात ठेवलं होतं. तो दोनदा पाया पडला. रेघ केव्हाच पुसली गेली. मी मात्र अजून तिथं पाऊल उचलून टाकतो.