जांभळा करगा

शिकलेली सून येणार म्हटलं की घराला दोन गोष्टींची धास्ती असते. एक, ती काम करणार नाही. दुसरी, ती बोलेल. कामाच्या बाबतीत मी सासरच्यांना लवकरच निर्धास्त केलं. बोलण्याच्या बाबतीत मात्र नवऱ्याने पहिल्याच वर्षी हात टेकले.

मी नागपूरला इंटर सायन्स केलं आणि नवेगाव बांधाजवळच्या एका गावात धानाच्या घरात पडले. सासरे लग्नाआधीच गेले होते. घरचा व्यवहार चुलत सासरे बघत, त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. पण बियाणं सासूबाईंचं. कापणीच्या आधी त्या स्वतः बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायच्या, भरलेल्या लोंब्या निवडून वेगळ्या बांधायच्या आणि त्यांचं धान वेगळ्या ढोलीत, म्हणजे कणगीत, ठेवायच्या. अक्षय तृतीयेला त्या ढोलीतलं पहिलं सूप त्यांच्या हातून निघायचं. आमच्याकडे बियाण्याचं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, कोणाच्या हातचं आहे? विधवा बाईला कुठल्याच शुभकार्यात पुढे येऊ न देणाऱ्या त्या गावात एवढा एक मान त्यांचा राहिला होता, आणि त्या तो डोळ्यांत तेल घालून जपत.

आता करगा म्हणजे काय ते सांगते. करगा म्हणजे रानटी धान. तो धानातच उगवतो आणि धानासारखाच दिसतो. श्रावणात निंदायला बसलं की कोणतं रोप ठेवायचं आणि कोणतं उपटायचं हे भल्याभल्यांना कळत नाही. तो ओळखू येतो लोंब आल्यावर, लांब कुसळांवरून. पण तेव्हा वेळ गेलेली असते. हात लावला की दाणे झडतात, चिखलात पडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर येतात.

यावर स्वातंत्र्याच्या सुमारास कोणीतरी छत्तीसगडाकडून एक तोड आणली होती: जांभळ्या पानाचं धान. भात जाडा, चव बेताची, पण पान असं जांभळं की आंधळ्यालाही दिसावं. ते पेरायचं आणि निंदताना हिरवं दिसेल ते उपटायचं, संपली भानगड. सासूबाईंनी ते उचललं. त्यांच्या निंदणात एक हिरवं पातं राहायचं नाही. मी नवी असताना एकदा दोन हिरवी रोपं माझ्या हातून सुटली, तर त्यांनी मला मागे बोलावून ती माझ्याच हातांनी उपटायला लावली. मला रागच आला होता.

माझ्या लग्नाला चार-पाच पावसाळे झाले असतील. त्या वर्षी श्रावणात आमची बांधी नुसती जांभळी होती. हिरवं जवळजवळ निघालंच नाही. सासूबाई खूश होत्या. आश्विनात लोंब्या आल्या आणि जांभळ्या रोपांवर कुसळंच कुसळं. करगा जांभळा झाला होता.

काकाजी बांधीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभे राहिले आणि चार लोकांसमोर सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, बियाण्यात करगा मिसळून राहिला अना तुमाले दिसला नाई. तुमचे डोळे गेले आता. पुढल्या अक्षय तृतीयेपासून बियाणं आमच्या घरून निघन."

सासूबाई तडक घरी आल्या आणि ढोलीकडे पाठ करून बसल्या. त्या दिवसापासून त्या जेवायला बसायच्या तेही पाठ करूनच. मला त्यांचा धाक होता, प्रेम वगैरे फारसं नव्हतं. पण ती पाठ मला बघवेना.

गावाचं मत जरा दयाळू होतं. लोक म्हणायचे, यात बाईचा काय दोष? करगा इतकी वर्षं जांभळ्या धानाच्या संगतीत राहिला, त्याने रंग घेतला. मला हसू आलं, कारण हेच मत मी नागपूरला वर्गात बाकावर बसून ऐकलं होतं. आमचे प्राध्यापक सांगायचे, एका फ्रेंच विद्वानाने फार पूर्वी मांडलं की प्राणी गरजेप्रमाणे धडपडतात, त्या धडपडीने त्यांची अंगं बदलतात आणि तो बदल लेकरांत उतरतो. जिराफाने मान ताणली म्हणून पिल्लांची मान लांब. मला तो विचार फार आवडायचा. कष्ट वाया जात नाहीत असं त्यात होतं. मग प्राध्यापक पुढचं सांगायचे. विलायतेतल्या एका पाद्र्याने दाखवलं की खाणारी तोंडं अन्नापेक्षा भराभर वाढतात, म्हणजे सगळे जगूच शकत नाहीत. दगडांचा अभ्यास करणाऱ्यांनी सांगितलं की पृथ्वी कल्पनेपलीकडे जुनी आहे, म्हणजे हळूहळू बदलायला वेळच वेळ आहे. आणि कबुतरं पाळणाऱ्यांकडे बघून कोणाच्या तरी ध्यानात आलं की निवड करता करता जातच बदलते. हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. निवड हा शब्द तेव्हा मला फार मोठा, पुस्तकी वाटायचा.

एका सकाळी मी सुपात तांदूळ निवडत बसले होते. खडा दिसला की काढ, फेक. खडा दिसला की काढ, फेक. शेवटी सुपात राहिलेले खडे तेवढे पांढरे होते, तांदळाच्या रंगाचे. ते मला दिसलेच नव्हते, म्हणून राहिले होते. मी सूप खाली ठेवलं. आपण निवडताना हातात आलेल्याकडे बघतो, मागे काय राहिलं त्याकडे कोणी बघत नाही. बांधीतही तेच झालं असणार. धानाचे पराग वाऱ्याने करग्यावर जातात, त्यातून कधीतरी जांभळट करगा निपजला असणार. हिरवा आम्ही दर वर्षी उपटला. जांभळा राहिला, झडला, पुन्हा उगवला. संगतीने काही झालं नव्हतं. त्याला रंग आम्ही शिकवला होता, आमच्या हातांनी.

खरं की खोटं बघायला मी काकाजींना त्यांच्याच बांधीवर नेलं. त्यांनी जांभळं बियाणं सासरवाडीहून, सडक अर्जुनीकडून आणलेलं. सासूबाईंचा एक दाणाही त्यात नव्हता. काकींचं निंदणही चोख. मी म्हटलं, "काकाजी, लोंब पाहा जी."

त्यांनी पाहिली. कुसळं बोटांना टोचली. "माह्या बांधीत काऊन?"

मग मी त्यांना शेजारणीच्या बांधीवर नेलं. शेजारीण म्हणजे गावातली आळशी बाई. अर्धं निंदून झाडाखाली पाय पसरणारी. सासूबाई तिच्या नावाने रोज बोटं मोडायच्या. तिनेही एका बांधीत जांभळं पेरलं होतं. तिथे करगा भरपूर होता, पण बहुतेक हिरवाच.

"जिथे निंदण चांगलं, तिथे करगा जांभळा," मी म्हटलं. "बियाण्याचा दोष नाही जी. आपल्या सगळ्यांच्या हातांचा आहे."

काकाजी हट्टी होते, पण लबाड नव्हते. त्यांनी दोन्हीकडच्या लोंब्या हातात धरून ताडून पाहिल्या. मग घरी आले आणि ओसरीवरूनच म्हणाले, "वहिनी, मी चुकलो. बियाणं तुमच्याच हातचं राहीन."

मला वाटलं, आता पाठ वळेल. सासूबाईंनी मला जवळ बसवून सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं, तांदळाच्या सुपासकट. मी स्वतःवर इतकी खूश होते की त्यांचा चेहरा मी बघितलाच नाही. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मंग माह्या आळसानं नाई बिघडलं?"

"नाही, आत्याबाई."

"मेहनतीनं बिघडलं."

त्यांना दोषमुक्त करायला निघालेली मी, त्यांच्या आयुष्यभराच्या निंदणावर पाणी ओतून बसले होते. डोळे गेले म्हणणं त्यांनी सहन केलं होतं. हे मात्र त्यांना कुठे ठेवावं तेच कळेना. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल माया वाटली आणि स्वतःच्या हुशारीचा वीट आला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ढोलीतलं मूठभर धान हातात घेतलं. मग म्हणाल्या, "आता हिरवं पेरलं तं?"

"तर जांभळं दिसेल ते उपटायचं."

"अना तो पुन्हा हिरवा होऊन जाईन."

"काही वर्षांनी होईल."

"मंग तवा पाहू," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

पण हिरवं बियाणं आणायचं कुठून? आमच्या ढोलीत कित्येक वर्षं फक्त जांभळं होतं. काकाजींकडे तेच. गावातल्या प्रत्येक कष्टाळू घरात तेच. जुनं हिरवं वाण राहिलं होतं एकाच घरी, त्या आळशी शेजारणीकडे. बाकीच्या बांध्यांत काही बदलायचा तिला कंटाळा आला होता म्हणून.

सासूबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि टोपली घेतली. मी म्हटलं, मी जाऊन आणते. "बियाणं माह्या हातचं आहे," त्या म्हणाल्या. मी मागे मागे गेले.

शेजारीण दारातच बसली होती. टोपली बघून ती आधी घाबरली, मग मागणं ऐकून हसायलाच लागली. "माय वो! आमच्या आळशाचं बियाणं तुमाले कायले?"

सासूबाई उंबऱ्याबाहेर टोपली धरून उभ्या होत्या. मान खाली नव्हती.

"माह्या मेहनतीनं गेलं, ते तुह्या आळसानं राखलं," त्या म्हणाल्या. "दे बाई, तुह्या हातानं दे."

शेजारणीचं हसणं थांबलं. ती उठली, हात धुऊन आली आणि ओंजळीने टोपली भरू लागली.