पिवळ्या पट्ट्यांवरचा चंदेरी रंग

आमचा अण्णा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी परळीच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला. 'कर्तव्यदक्ष अभियंता दिगंबरराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली कारखान्याचं नाव, चेअरमनचा हात जोडलेला फोटो, आणि वर अण्णा... कुठल्या तरी जुन्या ओळखपत्रावरून उचललेला, डोळे वटारलेला. मी भाजी आणायला निघाले होते. तिथंच थबकले. ज्या कारखान्यानं याच माणसाला 'हलगर्जी' म्हणून घरी बसवलं, त्यालाच आता तो कर्तव्यदक्ष दिसायला लागला होता. आमच्याकडं म्हणतात ना, मेलेल्या म्हशीला मणभर दूध! शेजारच्या बाई म्हणाल्या, "बघा, किती मान दिला भावाला." मी पिशवी सावरून पुढं निघाले. बोलले असते तर चौकात तमाशा झाला असता, आणि तमाशे करायचं काम आमच्या घरात अण्णाकडं होतं.

आदल्या दिवशी सकाळी चहा घेऊन वरच्या खोलीत गेले तर तो खुर्चीत तसाच बसलेला. हाक मारली, हलवलं. डॉक्टर आले, नाडी बघून म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही. त्रास झाला नाही म्हणे! त्रास सगळा आधीच भोगून झाला होता, मरताना काय व्हायचा राहिला होता?

अण्णा माझा मोठा भाऊ. आमचं गाव नांदूरघाट. वडिलांनी पोटाला चिमटा काढून त्याला इंजिनिअर केला आणि मला डी.एड. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून शेवटची बरीच वर्षं तो माझ्याकडंच, वरच्या खोलीत. त्याला बोलायला फक्त एकच विषय, तो म्हणजे पाइप. आणि पाइपमधेही वाफेचे. मी शाळेत पोरांना शिकवायचे, धातू तापला की प्रसरण पावतो. त्यानं वहीत डोकावून एकदा मला फैलावर घेतलं. "वाढतो म्हणून काय सोडून देतीस? वाढून जातो कुठं ते सांग की पोरांना! त्याला जागा दिली न्हाई तर तो भिंत ढकलंल, खांब वाकवंल, न्हाईतर सोताच फुटंल." मग मला दुपारभर धडा. परळी स्टेशनच्या जुन्या रुळांमधली फट दाखवायला घेऊन गेला, भर उन्हात! रस्त्यावरून जाणारा पाइप मधेच वर चढून चौकटीसारखा वळसा घेऊन खाली का येतो, ते सांगितलं. मी तोवर समजत होते, खालून ट्रक जावा म्हणून असेल. "ट्रकाचं काय घेऊन बसलीस, ती पाइपला आंग पसरायला दिलेली जागा हाय." जिथं एवढा मोठा वळसा घ्यायला जागा नाही, तिथं दुसरे उपाय. एक, नळीत नळी सरकणारा सांधा; त्याचं पॅकिंग सारखं बघावं लागतं, दुर्लक्ष केलं की गळतो. आणि दुसरा भाता. पातळ पोलादाच्या घड्या घातलेली नळी, पेटीच्या भात्यासारखी दबते आणि पसरते. इंग्रजी नाव काही असो, अण्णा त्याला भाताच म्हणायचा.

हा भाता म्हणजे त्याचं लाडकं लेकरू. पण लाडकं असलं तरी कुणाला त्याचा गैरवापर करू द्यायचा नाही. ठेकेदारानं पाइप वाकडे बसवले आणि दोन टोकं जुळेनात, की भाता ओढूनताणून मधे बसवायचा, ही तिकडची रीत. अण्णा दिसला की ठेकेदार लपायचे. "भाता तुझ्या चुका झाकायला हाय का बे?" असं भर कारखान्यात ओरडायचा. ओरडायचा म्हणजे काय, रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. पण लिहायचं नाव नाही. काहीही सांगायचं ते तोंडानं, टेबलावर हात आपटून. मी म्हणायचे, "अरे अण्णा, दोन ओळी लिहून देत जा." तर म्हणायचा, "माझा आवाज काय कमी हाय का?"

त्याला आवाजाचाच भरवसा होता, आणि त्यानंच त्याचा घात केला.

ती गोष्ट आता मला लिहायलाच पाहिजे, कारण ती आजवर कुणी नीट सांगितलेली नाही. कारखान्याचं नाव लिहीत नाही, जिल्ह्यातला होता एवढंच. गळीत हंगामाआधी बॉयलर पेटवायचा समारंभ असतो. भटजी, नारळ, पुढाऱ्यांचे हार. त्या वर्षी वाफेची नवी लाइन टाकली होती आणि तिच्यात मोठा भाता बसवला होता. असा भाता बनवणाऱ्याकडून येतो तेव्हा वाटेत हिसके बसून घड्या बिघडू नयेत म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात. बसवून झालं की वाफ सोडायच्या आधी त्या काढायच्या. विसरू नयेत म्हणून त्यांना पिवळा रंग असतो. साधी गोष्ट आहे. पट्ट्या तशाच राहिल्या तर भाता नसल्यातच जमा, पाइपला पसरायला जागाच नाही.

आणि त्या वर्षी चेअरमननी हुकूम सोडला, पाहुणे येणार, सगळं चकाचक दिसलं पाहिजे. रंगारी लावले. त्यांनी कठडे रंगवले, जिने रंगवले, पाइप रंगवले, आणि भात्यावरच्या त्या पिवळ्या पट्ट्यासुद्धा... सगळं एकसारखं चंदेरी! आमच्या जिल्ह्यात पाहुणा येणार म्हटलं की लोक विजेच्या खांबालाही रंग देतील. आता त्या पट्ट्या काढायच्या की राहू द्यायच्या, हे बघणाऱ्याला कळणार कसं? भात्याला काही दांडे कायमचे ठेवायचे असतात, ते आणि हे सगळे एकाच रंगाचे झाले.

अण्णानं बघितलं आणि थेट कारखान्याच्या मुख्य अभियंत्याच्या केबिनमधे गेला. त्यांना सगळे 'मोठे साहेब' म्हणत. आत दोघंच होते. अण्णानं सांगितलं, पट्ट्या काढल्याशिवाय त्या लाइनीत वाफ सोडू नका. मोठे साहेब म्हणाले, आधी पूजा उरकू द्या, आज नुसता बॉयलर पेटवायचा आहे, वाफ कुठं सोडतोय? अण्णाला ते पटलं नाही. त्यानं रफिकभाईला बोलावलं. रफिकभाई म्हणजे त्याचा हाताखालचा फिटर, परळीचाच, स्टेशनच्या रस्त्यापलीकडं घर. अण्णा ज्याच्यावर ओरडायचा नाही असा तो एकटाच माणूस. ईदला त्याच्या घरून शिरखुर्म्याचा डबा यायचा आणि अण्णा तो मला न विचारता संपवायचा. अण्णा त्याला म्हणाला, "रफिक, तू पाना घेऊन भात्यापाशीच थांब. साहेबाचा हो आला की लगेच पट्ट्या काढ. तिथून हलू नको." तेवढ्यात अण्णाला निरोप आला, पाहुण्यांना आणायला गाडी घेऊन परळी स्टेशनवर जा. इंजिनिअरला पाहुणे आणायला पाठवतात! तो चडफडत गेला.

इकडं पाहुण्यांची एक गाडी आधीच येऊन पोचली होती. चेअरमनच्या मनात आलं, पाहुण्यांसमोर कारखान्याचा भोंगा वाजलाच पाहिजे. भोंगा वाजतो वाफेवर. बॉयलर गुपचूप आदल्या दिवसापासूनच तापवत ठेवला होता. कुणी तरी व्हॉल्व्ह फिरवला, वाफ त्या नव्या लाइनीत शिरली. भोंगा वाजला, टाळ्या झाल्या. पाइप तापला, त्याला पसरायला जागा मिळाली नाही, आणि भात्याच्या बाजूचा जोड फाटला. रफिकभाई तिथंच पाना घेऊन उभा होता. हलू नको म्हणून सांगितलं होतं ना... तो हलला नव्हता.

दवाखान्यात काही दिवस काढून रफिकभाई गेला.

चौकशी बसली. अण्णानं सांगितलं, मी साहेबांना बजावलं होतं. मोठे साहेब म्हणाले, असं काही बोलणं झाल्याचं आठवत नाही. लेखी काही आहे? नाही. त्या वेळी तुम्ही जागेवर होता का? नव्हता. मग झालं! देखभाल अभियंत्याचा हलगर्जीपणा. रंग कुणी लावायला सांगितला, भोंगा कुणाला ऐकायचा होता, याची चौकशी करायची कुणाला गरज वाटली नाही. अण्णाला म्हणाले, राजीनामा द्या, प्रकरण वाढवू नका. आणि मैयतीला जाऊ नका, गेलात तर चूक कबूल केली असा अर्थ होईल. तो गेला नाही. आयुष्यभर कुणाचं न ऐकणाऱ्या माणसानं नेमकं तेवढं एक ऐकलं. मला अजून त्याचा राग येतो.

मग वरच्या खोलीतली ती वर्षं. माणूस ओरडायचाच बंद झाला. रफिकभाईचे थोरले भाऊ युसूफभाई स्टेशनच्या रस्त्यावर फळांचा गाडा लावतात. अण्णा त्या रस्त्यानं जाणं सोडून लांबून जायचा. मी कितीदा म्हणाले, "अरे, एकदा जाऊन ये त्यांच्या घरी. दोन शब्द बोलून ये." म्हणायचा, "कोणत्या तोंडानं जाऊ? मीच उभा केलता त्याला तिथं. आधी साहेबाला एकदा खरं बोलू दे, की दिगंबरनं सांगितलं होतं. ते घेऊन जातो मग." मी म्हणाले, तुला जमत नसेल तर मी जाते. तर माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. त्या घरी जायचं न्हाई, त्या गाड्यावर जायचं न्हाई." गळ्याची शपथ मोडली की माणूस मरतो म्हणतात. विज्ञान शिकवणारी बाई मी, पण पाळली. सख्खा भाऊ होता. तो मोठ्या साहेबांकडं मात्र दर वर्षी दोनतीनदा जाऊन यायचा. ते चहा पाजायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या हो दिगंबरराव, झालं गेलं." परत आला की जेवायचा नाही.

...आणि अण्णा गेल्यावर ही शोकसभा. कारखान्याच्या सभागृहात, फुलांच्या चादरीवर अण्णाचा तोच वटारलेला फोटो. मोठे साहेब आता निवृत्त झालेत, काठी घेऊन आले. माइक हातात घेतला. आणि बोलले, "केवढा दक्ष माणूस! मला तो दिवस आजही आठवतो. माझ्या केबिनमध्ये येऊन टेबलावर असा हात आपटला, साहेब, पट्ट्या काढल्याशिवाय वाफ सोडायची नाही! असा माणूस पुन्हा होणे नाही." पुढच्या रांगेतल्या एकानं सवयीनं टाळी वाजवली.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी उठून उभी राहिले. "साहेब, हे तुम्हाला चौकशीत कावून आठवलं न्हाई?" साहेब गोंधळले, म्हणाले, "ताई, मी त्यांचं कौतुकच करतोय." त्यांना खरंच कळलं नव्हतं हो, आपण काय बोलून गेलो ते! अण्णानं ज्या एका वाक्यासाठी वर्षानुवर्षं त्यांचे उंबरे झिजवले, ते वाक्य त्यांनी हाराबरोबर वाहून टाकलं. चेअरमननी घाईघाईनं दोन मिनिटं मौन जाहीर केलं. मी मौनाला थांबले नाही.

शपथ आता कसली? दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि युसूफभाईंच्या गाड्यावर गेले. म्हातारे झालेत, दाढी पांढरी. संत्री पुसून रचत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी स्टूल पुढं केलं. मी बसले नाही, धडाधड सगळं सांगून टाकलं. अण्णानं बजावलं होतं, साहेब खोटं बोलले, काल भरसभेत कबूल झाले. साक्षीला शंभर माणसं आहेत. मला दम लागला.

युसूफभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, आमाला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"रफिक दवाखान्यात बोलला व्हता. तोंडाला पट्ट्या, तरी बोलला. दिगंबर साहेबाला काय म्हनू नका, त्येंनी लई सांगितलं व्हतं, मी सोता बाहीर उभा राहून आयकलं. केबिनच्या बाहीर व्हता ना त्यो. साहेबाचा आवाज तुमाला ठावंच हाय."

मी गाड्याचा दांडा धरला. "मग चौकशीत कावून न्हाई सांगितलं?"

"आमाला कोनी बोलावलं, बाई? आमी दारातबी गेलतो, शिपायानं हाकललं. मंग म्हनलं, साहेब येतील तवा त्यान्लाच सांगू. मैयतीला वाट पाहिली, चाळिसाव्याला वाट पाहिली. दर ईदला अम्मी डबा भरायची. साहेब येतील, त्येंच्या हातात दिऊ, म्हनायची. ती बी गेली." थोडा वेळ ते संत्रीच पुसत राहिले. "आमाला वाटलं, मोठा मानूस, गरिबाच्या घरी कशाला येतोय. कावून आले न्हाईत, बाई?"

गिऱ्हाईक आलं, त्यांनी तागडी उचलली. मी घरी आले ती तडक वरच्या खोलीत. दार लावून घेतलं आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीशी कडाकडा भांडले. पहिल्यांदा आमच्या घरात अण्णापेक्षा माझा आवाज मोठा होता, खालच्या शेजाऱ्यांना ऐकू गेला असेल, जाऊ दे. अरे गाढवा, तुझा साक्षीदार त्या घरात होता! तू ज्या घराला तोंड लपवत होतास, त्याच घरात! खोटारड्याच्या दारात चपला झिजवल्यास, आणि जिथं तुझी वाट बघत होते तिथं एकदाही गेला नाहीस. मधे नुसता स्टेशनचा रस्ता होता, अण्णा. तेवढा ओलांडायचा होता रे.