उंदरांना वारं कुठून लागलं?

सुरतच्या डिंडोलीहून भावाचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. "ताई, आई गेली... दुपारी झोपली, ती उठलीच नाही." मी काय विचारावं? "पंखा चालू होता का रे?" तो म्हणाला, "हो, फुल्ल." रडता रडताच मला हायसं वाटलं. महिना होऊन गेला, अजूनही वाटतं.

आमचे दादा, म्हणजे वडील, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात होते. उन्हाळ्यात एकदा घामाघूम होऊन आले आणि आडवे झाले. आईनं टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला. उठले तेव्हा उजवं अंग लुळं! अंगावरून वारं गेलं, असं आपल्यात म्हणतात. आईनं ते शब्दशः धरलं. वारं म्हणजे पंख्याचंच, आणि पंखा लावला कुणी, तर तिनंच! त्यात दादा बोलेनासे झाले, भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझ्यावर रुसलेत, हे तिच्या मनात पक्कं बसलं. दादा गेल्यावर पंखा जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर गेला, आणि सुरतच्या उकाड्यात ही बाई पुठ्ठ्यानं वारा घेत बसली. मी किती डोकं फोडलं, की अगं, मेंदूच्या नसेत गुठळी अडकते! "हां माय, तू शिकेल शे," शिकलेली आहेस बाई, असं अहिराणीत म्हणायची, की विषय संपला.

मी उंदरांच्या मेंदूचे स्कॅन काढते. "मन्ही पोर उंदरेसना फोटू काढस," असं ती शेजारणींना ऐटीत सांगे. एकदा तिला लॅपटॉपवर ते फोटू दाखवले. उंदराला भूल देऊन बारीक नायलॉनचा धागा नसेत सरकवतात, रक्त अडवतात. मग त्याच जित्या उंदराचा पुन्हा पुन्हा स्कॅन. मेंदूतली सूज चित्रात लाल-पिवळी पेटलेली दिसते. धागा काढल्यावरही कितीतरी दिवस, जखमेपासून लांबसुद्धा. "असा उंदीर मलूल होतो, कोपरा धरून बसतो," मी म्हटलं. "माणसाचं अगदी तसंच असेल, हे खात्रीनं नाही सांगता येत. पण दादा रुसले नसतील गं."

आई स्क्रीनजवळ वाकली. "त्या उंदरेसना खोलीमा पंखा शे का वं?"

"नाही."

"मंग त्यासले वारं कथाईन लागनं?"

तिचं तिलाच उमगलं. जन्म लूमवाल्याच्या घरात गेलेला, धागा अडकला की माग थांबतो हे ठाऊक. "धागा अडकना..." एवढंच म्हणाली आणि ढसाढसा रडली. मग नाक पुसून मलाच दरडावलं, "त्या उंदीरले काही खायाले दे. आनि तो पंखा खाले काढ!"

त्यानंतर तो पंखा तिच्या उशाशी. लाईट गेली की वीजवाल्यांच्या नावानं शिव्या घालायची. ती गेली त्या दुपारपासून तो कुणी बंद केलेला नाही. परवा भेटायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, रिकाम्या खाटेवर कशाला चालू ठेवलाय, बंद करा की. भाऊ उठायला लागला.

मी म्हटलं, "राहू दे. आईनं लावलाय."