मारोतराव मिस्त्रींचा साबण

मारोतराव मिस्त्रींचं नाव निघालं की आजही मला स्वतःचाच राग येतो. गोष्ट शहात्तर सालची. नागपूरच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही आठ जण होतो, पुढे प्रकल्प अधिकारी होणारे. गोबरगॅसचं संयंत्र कसं उभारायचं आणि वर्षानुवर्षं कसं टिकवायचं, हे आम्हाला शिकवायला नेमला होता हा सातवी पास, रोजंदारीवरचा माणूस. माझ्या डोक्यात डिग्रीची हवा. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

मारोतराव उमरेडच्या विणकराच्या घरचे. माग बंद पडला तसे गवंडीकाम शिकले, मग नळकाम. पण बोटं विणकराचीच राहिली. पाइपचा सांधा ते डोळे मिटून चाचपायचे. "धागा तुटला का नाई, हे बोटालेच पह्यले समजते," म्हणायचे. शेण आमच्याच हातांनी कालवून घ्यायचे. ज्या घरी संयंत्र बांधलं, त्याच घरी महिनाभर जेवायचं, हा त्यांचा नियम. "गॅस बंद पडला तं उपाशी कोन राहते, हे साहेबाले बी कळू दे," हे वर ऐकवायचे.

मला संयंत्र बांधायला काटोलकडच्या एका गावात रंभाबाईंचं घर मिळालं. त्या बाईने मारोतरावांच्या शब्दावर घरातली चूल फोडून टाकली होती. शेवटचं काम उरलं होतं: शेगडीजवळच्या सांध्याला साबणाचा फेस लावायचा. फुगा आला तर गळती. दहा मिनिटांचं काम. पण नागपूरची शेवटची एसटी सुटायला आली होती. मी वहीत 'तपासला' लिहिलं, सही ठोकली आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. दारात जीप, घरात मोठे साहेब, ओसरीवर अख्खं गाव. मारोतरावांनी मला बाजूला घेतलं.

"साबन लावला होता ना गा?"

"लावला."

ते वळले. "लाव वं रंभाबाई, दिवा लाव."

रंभाबाईंनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं, शेजारी निरांजन ठेवलं. गॅसची चावी उघडली गेली. साहेब नारळ फोडायला वाकले आणि मला वास आला, कुजक्या अंड्याचा. ओरडायला हवं होतं, पण माझी बोबडी वळली. मारोतराव गर्दीतून आत घुसले, पेटती वात चिमटीत धरून विझवली आणि चावी बंद केली.

"शुभकार्यात दिवा विझवता?" साहेबांचा पारा चढला.

रंभाबाई रडायला लागल्या. "माह्या घरचा दिवा काहून विझवला गा?"

मारोतरावांनी सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या. मग सांध्याला फेस लावून चावी जराशी फिरवली. फेसात बोराएवढा फुगा आला.

"हा सांधा कोणी तपासला?" साहेबांनी विचारलं.

वही मारोतरावांच्या काखेत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. मी आपला जमिनीकडे बघत राहिलो.

"शिकवनारा मी, साहेब," ते शेवटी म्हणाले. "चूक माही."

त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. मी त्यांच्या मागे एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं.

"मला का वाचवलंत?" मी विचारलं.

"तुले नाई वाचवलं. तू बोलशील म्हनून थांबलो व्हतो," ते म्हणाले. "नाई बोलला तू." एसटी आली, ते चढले.

आठवड्याभरात रंभाबाईंनी पुन्हा चूल मांडली. सांधा मी दुरुस्त करून दिला होता, पण त्यांनी शेगडीला हात लावला नाही.

पुढची तुकडी साहेबांनी मलाच शिकवायला दिली. पहिल्याच दिवशी मी पोरांच्या हातात साबण दिला. एकाने विचारलं, "सर, सांधा नवा आहे, मग फेस कशाला?"

मारोतराव नावाच्या एका मिस्त्रीकडून गळती राहून गेली होती, असं मी त्याला सांगितलं.