तेलाआधीची गोळी

औषध निरीक्षकाचा दरारा असा, की तो रस्त्याच्या टोकाला दिसला की औषधांच्या दुकानांतले बंद फ्रीज आपसूक सुरू होत. नमुन्याच्या बाटलीवर लाख ओतून मोहोर उठवायची त्याला भारी हौस, म्हणून माघारी लोक त्याला लाखोबा म्हणत.

घरात मात्र आत्यापुढे लाखोबाची डाळ शिजत नसे. त्याला लहानाचा मोठा केला तो तिनंच. हल्ली ती गल्लीतल्या तेलवाल्याच्या नादी लागली होती. गुडघे, मधुमेह, रक्तदाब, सगळं एकाच बाटलीत बरं होतं. तसं लेबलवरच छापलेलं! आत्यानं गुडघ्याला तेल चोळलं आणि रक्तदाबाच्या गोळ्या सोडून दिल्या. असंच चाललं तर झटका येईल, असं डॉक्टरांनी बजावलं. लाखोबानं हात जोडले, आरडाओरडा केला, रोज तिच्या पिशवीत गोळ्या कोंबल्या. आत्या ढिम्म.

शेवटी तो सरकारी थाटात तेलवाल्याच्या दुकानात शिरला. बघतो तर आत्या बाकावर पाय पसरून बसलेली!

"ये, तुझाही गुडघा दाखव."

"आत्या, मी ड्युटीवर आहे. या तेलाला पुरावा काय?"

"मी जिना चढते, हा पुरावा!"

"कठडा धरून चढतेस."

"मग कठड्याला सील ठोक!"

लाखोबानं तेलवाल्याला मागच्या खोलीत घेतलं. "लेबलं आजच सोलायची. नमुन्याचा निकाल येईपर्यंत विक्री बंद. आणि तिला गोळ्या घ्यायला तूच सांगायचं. माझं ऐकत नाही ती."

बाहेर येऊन लाखोबा मेणबत्तीवर लाख वितळवू लागला. तेलवाला आत्यापुढे उकिडवा बसला.

"आत्याबाई, खरं सांगू? तेलानं रक्तदाब उतरतो, हे मी आपलं उगाच..."

आत्यानं डोळे वटारले. तेलवाल्यानं झटक्यात गाडी वळवली.

"म्हणजे, पोटात रोजची गोळी असल्याशिवाय तेल मुरतच नाही!"

"मग आधी बोलायला काय झालं होतं, मेल्या?" आत्यानं पिशवीतून गोळी काढून तिथंच गिळली.

लाखोबाचा हात हवेत थांबला. कोरा करकरीत दावा, पुरावा शून्य, आणि तोही भर निरीक्षकासमोर! त्यानं आत्याकडे पाहिलं. लाख टेबलावर टपटपत राहिली.

"बघतोस काय नुसता?" आत्या कडाडली. "एवढी महत्त्वाची गोष्ट लेबलवर नाही! आधी ती छापून घे याच्याकडून. लोकांच्या जिवाशी खेळतात मेले, आणि सरकार झोपलंय!"